ध्वनिमुद्रणातील ताळमेळ आणि खानदेशातील मौखिक गीत : एक साधनचिकित्सा

इतिहासाचे साधन म्हणून कागदाची चिकित्सा कशी करावी, याची एक थोर परंपरा महाराष्ट्रात आहे आणि तिचा धुळे शहराशी निकटचा संबंध आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्यांचा अखेरचा काळ धुळ्यात गेला आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. पुढील वर्षी त्यांच्या नावाने स्थापन झालेले संशोधन मंडळ आजही त्यांचा संग्रह सांभाळीत आहे. अस्सल कागद कोणता, नक्कल कोणती, मिती व वार यांचा मेळ बसतो की नाही, हे पाहिल्यावाचून पत्रातील मजकुरावर विसंबू नये, हा त्या परंपरेचा दंडक होय. मुद्रित ध्वनी हेही आता इतिहासाचे साधन झाले आहे. परंतु त्याची मिती कोणती, ती कोणत्या घड्याळाने ठरली आणि मुद्रणयंत्राचे घड्याळ व संपादनाच्या संगणकाचे घड्याळ यांचा मेळ होता की नाही, हे प्रश्न अद्याप पुरेशा आस्थेने विचारले जात नाहीत. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील मौखिक गीतांच्या संदर्भात या प्रश्नांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. ताळमेळाचे तीन प्रकार

ध्वनिमुद्रणगृहात ज्याला 'सिंक' म्हणतात त्या क्रियेस मराठीत 'ताळमेळ' हा रूढ शब्द चांगला लागू पडतो. मात्र या एका शब्दाखाली तीन भिन्न गोष्टी येतात आणि त्यांची गल्लत झाली की विवेचन बिघडते.

पहिला मेळ स्थानाचा. दोन यंत्रांवरील मुद्रणे एकाच क्षणी सुरू झाली आहेत काय, हा त्याचा विषय. चित्रपटाच्या पाटीवर फळी आपटून जो आवाज करतात, तो या स्थाननिश्चितीसाठीच. दुसरा मेळ गतीचा. एकाच क्षणी सुरू झालेली दोन यंत्रे पुढे सारख्याच वेगाने चालतात काय, हा त्याचा विषय. स्थानातील चूक आरंभी जेवढी असते तेवढीच अखेरपर्यंत राहते. गतीतील चूक मात्र क्षणोक्षणी वाढत जाते. तिसरा मेळ मात्रेचा. गायकाची लय आणि यंत्राने आखलेल्या मात्रांच्या रेषा एकमेकींवर बसतात काय, हा त्याचा विषय. पहिले दोन मेळ यंत्रविद्येचे प्रश्न आहेत. तिसरा मेळ हा वस्तुतः अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे, आणि प्रस्तुत विवेचनाचा रोख मुख्यतः या भेदाकडे आहे.

२. कालमापनाची जुनी परंपरा

काल मोजण्यासाठी एकच प्रमाण सर्वांनी मानावे, ही कल्पना खानदेशाला परकी नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटणे येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिल्याचे त्यात नमूद आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त यंत्रांचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात घटीयंत्राचा समावेश आहे. तळाशी सूक्ष्म छिद्र असलेले पात्र पाण्यावर ठेवावे. ते भरून बुडाले की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली. लग्नघरी भटजी, यजमान व वाजंत्री ही सर्व मंडळी त्या एका पात्राकडे पाहत. आधुनिक ध्वनिमुद्रणात एका यंत्रास प्रमुख घड्याळाचा मान देऊन इतरांनी त्याचे अनुगमन करावयाचे असते. त्या व्यवस्थेचे तत्त्व यापेक्षा निराळे नाही.

त्याच शतकात, देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त लयीचा विचार केला. तेथे लय म्हणजे दोन क्रियांमधील विश्रांती होय. घटीयंत्राचा काल बाहेरून येतो आणि कोणासाठी थांबत नाही. शार्ङ्गदेवाची लय मात्र गाणाऱ्या-वाजविणाऱ्याच्या क्रियेतून जन्मते. काल मोजण्याच्या या दोन रीती महाराष्ट्रात शेजारी शेजारी नांदल्या. ध्वनिमुद्रणाने त्यांना प्रथमच एका यंत्रात आणले.

३. तबकडी, फिल्म व फीत

हिंदुस्थानातील व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गाइसबर्ग यांच्या दौऱ्याने आरंभ झाला. त्या काळी तबकडीचा वेग निश्चित नव्हता. मिनिटास सत्तरच्या आसपासपासून ऐंशीहून अधिक फेऱ्यांपर्यंत भिन्न वेगांनी मुद्रणे झाली. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचे प्रमाण पुढे विद्युत्-मोटारीबरोबर स्थिरावले. तेही सर्वत्र सारखे नव्हते. पन्नास आवर्तनांच्या वीजप्रवाहाच्या देशांत ते ७७.९२, तर साठ आवर्तनांच्या देशांत ७८.२६ असे होते. जुन्या तबकडीवरील गायकाचा षड्ज कोणता, याचे उत्तर तबकडी किती वेगाने फिरविली यावर अवलंबून असते, ही गोष्ट संगीताच्या इतिहासकाराने प्रथम ध्यानी घ्यावयास हवी.

बोलपट आल्यावर हा प्रश्न तातडीचा झाला. १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झालेल्या अर्देशीर इराणी यांच्या 'आलम आरा'मध्ये चित्र व ध्वनी एकाच फिल्मवर मुद्रित होत असत. तेथे मेळ आपोआप साधे, पण गायक, वादक व ध्वनिग्राहक यांना एकाच वेळी एकाच ठिकाणी हजर राहावे लागे. १९३२ साली 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला, तेव्हाही नटांना स्वतः गावे लागे. १९३५ साली कलकत्त्यात नितीन बोस यांच्या चित्रपटात पार्श्वगायनाचा अवलंब झाला. गीत आधी मुद्रित करावे, ते चित्रीकरणाच्या वेळी वाजवावे व नटाने त्याबरहुकूम ओठ हलवावे, ही रीत रूढ झाली. गाणे घडण्याचा काळ आणि ते दिसण्याचा काळ येथे अलग झाले. त्यांना पुन्हा जोडणे हे यंत्राचे काम ठरले. फिल्मच्या कडेची छिद्रे हे त्या जोडणीचे साधन होते. दात व छिद्र जुळले की घसरण होत नसे.

चुंबकीय फितीस अशी छिद्रे नव्हती. ती ताणली जाई, घसरे. यावर उपाय म्हणून कॅमेऱ्याच्या मोटारीकडून मिळणारा पन्नास आवर्तनांचा संकेत फितीवरच ध्वनीबरोबर नोंदविण्याची पद्धत १९५० नंतरच्या दशकात प्रचारात आली. कुडेल्स्की यांच्या नाग्रा यंत्रांनी ती जगभर नेली. पुढे १९६७ च्या सुमारास अमेरिकेत कालसंकेताची पद्धत निघाली. तिच्यात प्रत्येक चित्रचौकटीस तास, मिनिट, सेकंद व चौकट असा स्वतंत्र पत्ता मिळाला. फितीच्या लांबीवर काल मोजण्याऐवजी फितीवर काल लिहिला जाऊ लागला. साधनचिकित्सेच्या भाषेत सांगावयाचे तर पत्रावर मिती पडली.

विजेवर चालणाऱ्या साध्या यंत्रांबाबत मात्र एक गोष्ट विसरता येत नाही. ज्यांची मोटार वीजप्रवाहाच्या आवर्तनांशी बांधलेली असे, त्यांचा वेग विजेबरोबर बदले. पन्नासाऐवजी एकोणपन्नास आवर्तने मिळाली तर वेग शेकडा दोनने घटतो व स्वर सुमारे ३५ सेंट उतरतो. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बावीस श्रुतींची जी गणिती मांडणी केली, तिच्या चर्चेत ८१:८० हे प्रमाणश्रुतीचे अंतर महत्त्वाचे ठरते. ते सुमारे २१.५ सेंट भरते. अर्थात वीजकेंद्रातील एका आवर्तनाची तूट प्रमाणश्रुतीहून मोठा स्वरभेद निर्माण करते. मुद्रण व वादन दोन्ही त्याच विजेवर, त्याच वेळी झाली तर चूक लपते. एका गावी मुद्रित केलेली फीत दुसऱ्या गावी, दुसऱ्या वर्षी वाजविली की ती प्रकट होते. अशा फितीवरून श्रुतींविषयी निष्कर्ष काढणाऱ्याने फितीचा वेग आधी सिद्ध केला पाहिजे.

४. अंकीय घड्याळ

अंकीय मुद्रणात ध्वनीची सेकंदास हजारो वेळा मोजणी होते. सीडीसाठी हे प्रमाण ४४,१०० व चित्रपट-दूरचित्रवाणीसाठी ४८,००० असे स्थिरावले. मोजणीचा ठोका स्फटिकाच्या कंपनातून मिळतो. येथे ना फीत ताणली जाते, ना मोटार मंदावते. त्यामुळे अंकीय मुद्रणात कालाची चूक संभवत नाही असा समज सहज होतो. तो बरोबर नाही.

स्फटिक कितीही उत्तम असला तरी दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दोन यंत्रांच्या घड्याळांत दशलक्षास वीस भागांचा भेद असणे ही सामान्य गोष्ट आहे. एका तासात त्याची परिणती ७२ सहस्रांश सेकंदांच्या अंतरात होते. ४८,००० च्या प्रमाणात हे ३,४५६ नमुने भरतात. तीन मिनिटांच्या गीतात हा भेद जाणवणार नाही. परंतु धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात व शेजारच्या बागलाण-डांग भागात डोंगऱ्या देवाचा उत्सव रात्ररात्र चालतो आणि पावरीच्या सुरावर नाच होतो. आठ तासांच्या अशा प्रसंगाचे चित्रण एका यंत्रावर व ध्वनिमुद्रण दुसऱ्यावर केले, तर पहाटेपर्यंत दोहोंत अर्ध्या सेकंदाहून अधिक अंतर पडते. नाचणाऱ्याचे पाऊल जमिनीवर पडते आणि ठेका मागाहून ऐकू येतो. हे पाहणाऱ्या अभ्यासकास पाऊल मात्रेच्या आधी पडण्याची ही एखादी स्थानिक शैली आहे असे वाटले, तर त्यात नवल नाही. साधनातील दोष येथे संस्कृतीचे लक्षण म्हणून नोंदला जाण्याचा धोका आहे.

दुसरी चूक याहून ढोबळ, पण अधिक आढळणारी होय. ४४,१०० च्या प्रमाणात मोजलेले मुद्रण ४८,००० च्या प्रमाणात वाजविले गेले तर तासाभराचे गायन पंचावन्न मिनिटांत संपते आणि स्वर जवळजवळ दीड अर्धस्वराने चढतो. काळी एकमध्ये गाणारी स्त्री पांढरी दोन ओलांडून काळी दोनच्या दिशेने गेलेली ऐकू येते. ऐकणारा तिला ओळखीत नसेल तर त्यास यात काही वावगे वाटत नाही. आवाज किंचित कोवळा आणि लय किंचित चपळ, एवढेच.

या दोषांचे निवारण अवघड नाही. व्यावसायिक ध्वनिमुद्रणगृहात सर्व यंत्रांना एकाच प्रमुख घड्याळाचा ठोका तारेने पुरविला जातो. तारेने न जोडता येणाऱ्या क्षेत्रीय कामात आरंभी व अखेरीस टाळी मुद्रित करावी. आरंभीच्या टाळीने स्थान कळते व दोन टाळ्यांमधील अंतरांची तुलना केल्याने गतीतील भेद कळतो. दीर्घ मुद्रणात आणखी एक सावधगिरी लागते. प्रचलित वेव्ह स्वरूपातील फाइलीची मर्यादा चार गिगाबाइट असल्याने ४८,००० नमुने, चोवीस बिट व दोन वाहिन्या या प्रमाणात चार तासांच्या थोडे पुढे यंत्र नवी फाइल उघडते. १९९७ साली युरोपीय प्रसारण संघाने ठरविलेल्या विस्तारित वेव्ह स्वरूपात मध्यरात्रीपासून मोजलेला आरंभक्षण फाइलीतच नोंदता येतो. या नोंदीमुळे तुकड्यांचा क्रम व सलगता सिद्ध करता येते. जुन्या कागदावरील चंद्र व साल यांचे जे मोल, तेच या नोंदीचे.

५. मात्रेची चौकट

तिसऱ्या मेळाचा इतिहास १९८३ पासून मांडावा लागतो. त्या वर्षी निरनिराळ्या कंपन्यांची विद्युत्-वाद्ये परस्परांशी जोडणारी मिडी ही पद्धत सिद्ध झाली. डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी हे तिचे प्रमुख प्रवर्तक. तिच्या घड्याळात प्रत्येक मात्रेस चोवीस ठोके असतात. हे घड्याळ सेकंद मोजीत नाही. ते मात्रा मोजते. १९८९ साली क्यूबेस व १९९१ साली प्रो टूल्स ही सॉफ्टवेअरे आली आणि अल्पावधीत मात्रांची चौकट व मुद्रित ध्वनी एकाच पडद्यावर दिसू लागले. गायकाने कानात ठोका ऐकत गावे आणि तरीही एखादा स्वर रेषेच्या मागेपुढे पडला तर तो रेषेवर आणून बसवावा, ही कार्यपद्धती जगभर रूढ झाली. जळगाव-धुळे भागही तीस अपवाद नाही. कॅसेटच्या काळात प्रादेशिक बोलींतील गीतांना जो बाजार मिळाला, त्याचे पुढील रूप म्हणजे यूट्यूबवरील अहिराणी गीते होत. विनोद कुमावत यांचे 'हाई झुमका वाली पोर' हे गीत खानदेशाच्या सीमा ओलांडून गेले. अहिराणी बोलीस ज्या श्रोत्यांनी पूर्वी कधी कान दिला नव्हता, त्यांच्यापर्यंत ती या मार्गाने पोहोचली.

या घटनेकडे ऱ्हास म्हणून पाहणे युक्त नाही. लोकगीताने हार्मोनियम स्वीकारली, बँड स्वीकारला, ध्वनिवर्धक स्वीकारला. वरातीत नाचण्यासाठी रचलेल्या गीतास अचल लय हवी असते आणि संगणकाचा ठोका ती पुरवितो. मात्र हीच कार्यपद्धती संग्रहासाठी केलेल्या मुद्रणास लागू केली, तर काय हरवते याचा विचार झाला पाहिजे.

खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. बहिणाबाई चौधरी यांची काव्यरचना घरोटाशी, मळ्याशी व चुलीशी निगडित होती. त्या जळगावजवळील असोद्याच्या. त्यांचे निधन १९५१ साली झाले आणि सोपानदेव चौधरी यांच्या प्रयत्नाने त्यांची कविता १९५२ साली ग्रंथरूपाने आली. मुखातील रचना कागदावर उतरली म्हणून ती टिकली, हे ऋण मोठे आहे. परंतु छापील पानावर शब्द राहतात; घरोटाच्या फेऱ्यांची गती तेथे उतरत नाही. दळताना मूठभर दाणे टाकण्यासाठी हात थांबतो, दाणा कठीण असेल तर खुंटा जड जातो, दोघी दळीत असतील तर ओढ बदलते. ओवीची लय या श्रमातून येते. तिच्यातील विलंब हा दोष नसून श्रमाची नोंद आहे. अशी ओवी मात्रेच्या रेषांवर सरकवून बसविली तर शब्द व स्वर तेच राहतील, पण घरोट नाहीसे होईल. कानबाईच्या उत्सवातील गाणी किंवा आखाजीला झोक्यावर म्हटलेली गाणी यांनाही हेच लागू आहे. झोक्याचा काल दोराच्या लांबीवर अवलंबून असतो, मिनिटातील मात्रांच्या निवडलेल्या आकड्यावर नव्हे.

जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषिक पाहणीच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, खानदेशी बोलीचे नमुने भिल्ली बोलींच्या सोबत छापले गेले. त्या वर्गीकरणावर पुढे पुष्कळ वाद झाला, आणि तो होऊ शकला याचे कारण नमुने समोर होते. लयीच्या बाबतीत पुढील पिढीस असाच वाद घालावयाचा असेल, तर न सरकविलेला नमुना तिच्या हाती असला पाहिजे.

६. गीताने चौकट ठरवावी

चौकट आणि लय यांचा विरोध अटळ आहे काय? महाराष्ट्रातीलच एक उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. पुण्यात गी पॉइत्व्हां व हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह उभा केला. त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. या प्रकल्पात पुढे बेर्नार बेल हे सहभागी झाले आणि सुमारे १२० तासांच्या ध्वनिमुद्रणाचे टिपण व ओव्यांशी जोडणी झाली. हेच बेल १९८० नंतरच्या दशकात जेम्स किपेन यांच्यासमवेत लखनौच्या तबल्याच्या अभ्यासासाठी 'बोल प्रोसेसर' हे सॉफ्टवेअर घडवीत होते. त्याच्या पुढील आवृत्तीत मात्राबद्ध कालाबरोबरच मात्राविरहित, प्रवाही कालासही स्थान होते. संगणकास अचल ठोका हवाच असतो, ही समजूत तेथे आरंभीच नाकारली गेली. मुद्रण जसेच्या तसे ठेवून त्याच्यावर टिपणांचा थर चढवावा, हा मार्ग संगणकशास्त्राच्या जाणकारानेच स्वीकारला, हे लक्षणीय आहे.

आजच्या संगीत-सॉफ्टवेअरांतही ही सोय उपलब्ध आहे. मात्रांच्या रेषा समान अंतरावर आखून गीत त्यांच्यावर सरकविण्याऐवजी, गीतातील सम व आघात ऐकून रेषाच त्या ठिकाणी आणता येतात. अशा प्रकारे तयार झालेला लयीचा नकाशा हे स्वतःच संशोधनाचे साधन ठरते. घरोटाचा हात कोठे थांबला, झोका कोठे मंदावला, कानबाईपुढील नाच कोठे द्रुत झाला, हे त्यात अंकांनी वाचता येते. तोच नकाशा वापरून नवीन वाद्यमेळ त्या गीताभोवती रचता येतो. कलावंताची गरज व अभ्यासकाची गरज यांत येथे विरोध उरत नाही. फक्त कोणी कोणाचे अनुगमन करावयाचे, याचा निर्णय आधी घ्यावा लागतो.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, स्थान व गती यांचा मेळ हा साधनाच्या प्रामाण्याचा भाग आहे. त्यातील दोष शोधून दुरुस्त करणे हे अभ्यासकाचे कर्तव्य होय. मात्र मूळ फाइल अबाधित ठेवून दुरुस्ती प्रतीवर करावी व ती नमूद करावी. दुसरी अशी की, मात्रेचा मेळ हा अर्थनिर्णय आहे. त्याला दुरुस्ती म्हणणे चुकीचे होय. प्रकाशनासाठी केलेली आवृत्ती व संग्रहासाठी ठेवलेले मुद्रण यांची नोंद अलग असावी. तिसरी अशी की, प्रत्येक मुद्रणासोबत यंत्र, नमुन्यांचे प्रमाण, आरंभक्षण व फितीवरून घेतले असल्यास फितीचा वेग यांची टिपण अवश्य जोडावी.

जळगाव येथे १५ ऑगस्ट १९९० रोजी विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१८ पासून ते बहिणाबाईंचे नाव धारण करते. धुळ्यात राजवाड्यांचा कागदांचा संग्रह आहे. १९७० नंतरच्या दशकापासून जळगावहून आकाशवाणीचे प्रसारण होत आले आहे. कॅसेटांचे गठ्ठे घरोघरी आणि दुकानांतून पडले आहेत, आणि चुंबकीय फीत फार काळ तग धरीत नाही. त्या फिती संगणकात उतरविण्याचे काम ज्यांच्या हातून होईल, त्यांनी फीत किती वेगाने चालली होती हा प्रश्न प्रथम विचारावा आणि गीत चौकटीत बसविण्याचा मोह अखेरपर्यंत आवरावा. जी बाई आता गाण्यासाठी हयात नाही, तिचा षड्ज आणि तिचा विसावा या दोहोंविषयी पुढील काळास जे कळेल, ते या दोन सावधगिऱ्यांवर अवलंबून राहील.